आमचा थेट व्यवहार

पुण्यात भाड्याने का होईना, परंतु सहकुटुंब राहणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित गृहस्थाचा देवगडास एक 'आपला माणूस' असतो. हा माणूस सहसा कोणी पाहिलेला नसतो. तथापि त्याची बाग खाडीच्या वरच्या अंगास कातळावर आहे, कार्बाइडचे नाव काढलेले त्यास खपत नाही आणि त्याच्या पेट्या बाहेर कोणासही मिळत नाहीत, एवढी माहिती सदरहू गृहस्थ चैत्र लागल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्यास न विचारता पुरवीत असतो. पुण्यातील अशा गृहस्थांची संख्या आणि देवगड तालुक्यातील कलमांची संख्या यांचा ताळा कोणी मांडू गेल्यास एकेका कलमाच्या वाट्याला किती कुटुंबे येतील, याचा विचार मी भीतीपोटी केलेला नाही. कोकणातल्या हापुसास 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि परमुलखातील आंब्याने हापूस म्हणून मिरवण्यास कायद्याने मज्जाव झाला. परंतु 'आपला माणूस' या संस्थेस कोणतेच मानांकन लागू पडत नसल्यामुळे तिची भरभराट अबाधित राहिली.

आंब्याचा मोसम दोन-अडीच महिन्यांत आटोपतो, म्हणून हे नाते टिकते. भाजीची गोष्ट निराळी. भाजी रोज लागते, रोज आणावी लागते, आणि आणणाऱ्या पुरुषास रोज बोलणी खावी लागतात. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत (जी गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच सतरंजीवर आणि त्याच सभासदांसह पुन्हा भरते) पाण्याच्या टाकीचा विषय ऐन रंगात आला असता दुसऱ्या मजल्यावरील एक सभासद हातात मेथीची जुडी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ही मी आज कोपऱ्यावरून तीस रुपयांना आणली. यातले शेतकऱ्याच्या पदरात किती पडले असतील?" किती पडले असतील ते कोणासच ठाऊक नव्हते, पण फार थोडे पडले असावेत याविषयी सभेचे तत्काळ एकमत झाले, आणि टाकीवरून परस्परांचे तोंड न पाहणारी माणसे दलाल नावाच्या इसमाविरुद्ध एक झाली. यापुढे भाजी थेट शेतकऱ्याकडूनच घ्यावी, असा ठराव एकमताने संमत झाला. संस्थेच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. दलाल आपली बाजू मांडण्यास हजर नव्हता, हे त्याचे एक कारण असावे.

तळमजल्यावर एक निवृत्त तहसीलदार राहतात. त्यांना मामलेदार म्हटलेले अधिक आवडते, म्हणून मीही तसेच म्हणेन. मामलेदारांनी ठरावास अनुमोदन देताना दलालीचा साद्यंत इतिहास कथन केला. पूर्वी बाजारात आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत, त्या बोटांच्या मसलतीतून भाव ठरे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी बसून रुमालाची हालचाल पाही. असल्या कारभाराला आळा बसावा म्हणून सरकारने बाजारांना नियम लावण्यास प्रारंभ केला. वऱ्हाडात कारंजा येथे 1886 साली कापसाचा पहिला नियमित बाजार सुरू झाला, 1897 साली वऱ्हाडापुरता कायदा झाला, 1939 साली मुंबई इलाख्याचा झाला, 1963 साली महाराष्ट्राचा झाला, आणि माल समितीच्या आवारातच विकला पाहिजे असा पक्का बंदोबस्त होऊन लोकांच्या अंगवळणी पडल्यावर 2016 साली फळे व भाजीपाला नियमनातून मुक्त करण्यात येऊन 'आता कोठेही विका' अशी मोकळीक मिळाली. शेतकऱ्याला आवाराच्या आत नेऊन पुन्हा बाहेर आणण्यास 130 वर्षे लागली, तेव्हा आपणही घिसाडघाई करू नये, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता; सभेने त्यातले '2016' आणि 'मोकळीक' एवढे दोनच शब्द घेतले आणि येत्या रविवारचा मुहूर्त धरला.

त्याच सभेत मामलेदारांनी आणखी एक माहिती दिली, जी मला महागात पडली. कारंजाचा बाजार सुरू झाला त्याच 1886 साली पुण्यात मंडईची अष्टकोनी इमारत खुली झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. या इमारतीवर पैसा घालण्यास जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सभासद या नात्याने विरोध केला होता. पुढे याच मंडईस महात्मा फुले मंडई असे नाव मिळाले. हे ऐकून मी शेजाऱ्याच्या कानात "पण ही भाजी आणणार कोण?" एवढेच पुटपुटलो. अध्यक्षांचे कान तिखट आहेत. "ज्याने शंका काढावी त्याच्याच नावे काम करावे, ही या शहराची परंपरा आहे," असे म्हणून त्यांनी मला शेती-संपर्क चिटणीस नेमले. माझे आजोळ खेड्यात होते, ही माझी अधिक पात्रता म्हणून इतिवृत्तात नमूद झाली. त्या आजोळाहून मला वयाच्या दुसऱ्या वर्षी पुण्यास आणण्यात आले आणि तेव्हापासून माझा शेतीशी आलेला एकमेव संबंध म्हणजे गॅलरीतल्या कुंडीत लावलेला व यथावकाश वाळलेला कढीलिंब, ही वस्तुस्थिती मी मांडू पाहिली. पण तोवर पुन्हा टाकीचा विषय निघाला होता.

वास्तविक आमच्या चौकापलीकडे शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरतो. शेतकऱ्याने गिऱ्हाइकासमोर उभे राहून आपला माल विकावा यासाठी सरकारने 2016 साली संत सावता माळी यांच्या नावाने अशा बाजारांची मोहीमच काढली होती, आणि नावाची निवड मला तरी फार समर्पक वाटते, कारण अरणच्या या माळ्याने मळा सोडून पंढरीची वाट धरली नाही, तेव्हा विठ्ठलच त्याच्या मळ्यात आला, अशी कथा आहे. ग्राहकाने थेट बांधावर जाण्याचे याहून थोर उदाहरण सापडणार नाही. आणि पांडुरंगाने तेथे जाऊन मुळ्याच्या भावात घासाघीस केल्याचा उल्लेख कोठेही नाही. मी हा बाजार सुचवताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तिथे कोणीही जातं." त्यांचे म्हणणे रास्त होते. आठवडे बाजारातला शेतकरी सर्वांचा असतो. आम्हांला आमचा हवा होता.

येणेप्रमाणे एका भाद्रपदी रविवारी अध्यक्ष, मामलेदार, दुसऱ्या मजल्यावरचे मेथीवाले, एक निवृत्त प्राध्यापक आणि मी असे शिष्टमंडळ दिवे घाट चढून पुरंदर तालुक्यात उतरले. हा मुलूख अंजिरांचा आणि सीताफळांचा. पावसाळ्यात मात्र तेथल्या वावरांत वाटाणा दिसतो. एका परिचिताच्या परिचिताच्या ओळखीचा शेतकरी बांधावर आमची वाट पाहत उभा होता. मध्यम वयाचा, अंगाने काटक, बोलणे बेताचे. त्यास आम्ही पहिल्या वाक्यापासून 'दादा' म्हणू लागलो, कारण नाते लावल्यावाचून भाव कमी करून मागण्यास आमच्याकडे संकोच वाटतो.

प्राध्यापकांनी खिशातून टिपण काढून विचारले, "दादा, खत कोणतं घालता?"

"शेणखत. कमी पडलं तर युरिया."

युरिया हा शब्द उच्चारला जाताच शिष्टमंडळावर अवकळा पसरली. अध्यक्ष दुःखी स्वरात म्हणाले, "तो बंद करता येणार नाही का?"

"येईल की. माल निम्मा निघंल. तुम्ही भाव दुप्पट लावा."

इतके निखळ उत्तर आमच्या सभांतून ऐकण्याची सवय नसल्यामुळे हा विषय पुढील बैठकीसाठी राखून ठेवण्यात आला. मामलेदारांनी मग सातबारा मागितला. दादांनी तो घरातून आणून दिला, आणि मामलेदारांच्या मुद्रेवर सेवाकाळातील तेज परत आले. समोरच्या वावरात कंबरेइतका वाटाणा शेंगांनी लदलेला होता; दप्तरी त्या गटात बाजरी होती. "कागदोपत्री पाहू जाता," मामलेदार म्हणाले, "आपणांस यांच्याकडून बाजरीच विकत घेता येईल." दादा म्हणाले, "तलाठी भाऊसाहेबांनी लिहिली तवा बाजरीच असंल. त्यांनी ती कोणच्या साली बघितली ते इचारावं लागंल." मामलेदारांनी हा मुद्दा फार ताणला नाही.

चहा झाला. दादांनी शर्टाच्या खिशातून चौपदरी घडीची एक जुनी पट्टी काढून मला दाखवली. पट्टी म्हणजे आडत्याने शेतकऱ्यास दिलेला विक्रीचा हिशेब. पालेभाजीचा भाव तेथे शेकड्यावर होतो. वर कोथिंबिरीच्या जुड्या आणि त्यांचे पैसे, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडे अशी उतरंड, आणि तळाशी येणे रक्कम लिहिण्याच्या जागी देणे रक्कम. कोथिंबीर विकून वर पदरचे पैसे भरावे लागले, तो हा कागद. "जपून ठिवलाय," दादा हसून म्हणाले, "पोरांनी शेती करतो म्हटलं की दाखवायला." आम्ही सर्वांनी पुन्हा एकदा दलालाचा धिक्कार केला. परत निघताना वहिनींनी प्रत्येकाच्या हाती वाटाण्याच्या शेंगांची पिशवी दिली आणि पैसे घेण्यास साफ नकार दिला. हा त्यांचा मोठेपणा होता. परंतु थेट व्यवहारात भाजी बहुधा अशाच दराने मिळते, असा जो ग्रह त्या दिवशी काही सभासदांच्या मनात रुजला तो अखेरपर्यंत समूळ निघाला नाही.

तहनामा साधा होता. दर रविवारी सकाळी सात वाजता दादांनी टेंपो फाटकाशी आणावा. बाजारात त्यांच्या हाती पडते ते आणि कोपऱ्यावर आम्ही देतो ते, यांच्या मधोमध भाव धरावा. शेतात असेल ते आणावे आणि आणले असेल ते घ्यावे. या शेवटच्या कलमाचे वाचन होत असता सर्व सभासदांनी माना डोलावल्याचे मला स्पष्ट स्मरते.

पहिल्या रविवारी टेंपो आला तेव्हा काही सभासदांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. मेथीच्या मुळांना ओली माती होती. एका काकूंनी ती माती नाकाशी नेऊन दीर्घ श्वास घेतला. मुलांना मातीचा वास देण्यात आला. मातीची छायाचित्रे काढून परदेशातील चिरंजिवांना रवाना करण्यात आली. दुसऱ्या रविवारी त्याच काकू त्याच मातीकडे बोट दाखवून दादांना म्हणाल्या, "हिचं वजन वजा धरता ना?" मेथी जुडीवर जाते, वजनावर नाही, हे दादांनी समजावून सांगितले. काकू म्हणाल्या, "तरी पण."

ही 'तरी पण' या व्यवहारात यापुढे पुष्कळ वेळा आली. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने तीस म्हटले की मुकाट्याने तीस काढून देणारे आणि मॉलमध्ये छापील किमतीकडे दुर्लक्ष करण्याइतके उदार असे आमचे सभासद दादांपुढे उभे राहिले की त्यांच्या अंगात मंडईतल्या सात पिढ्यांचा संचार होई. "एवढा घेवडा घेतला, त्यावर दोन मिरच्या टाका." "कढीलिंब का कुठे विकत देतात, दादा!" "आमच्या घरी दोघंच, अर्धी जुडी चालेल." अर्ध्या जुडीची मागणी ज्यांनी केली त्यांनीच सभेत ती ऐतिहासिक जुडी उंच धरली होती. जुन्या बाजारात निदान रुमाल तरी होता, आणि आपल्या मालाची काय किंमत होते आहे ते शेतकऱ्याला ऐकू येत नसे. आमच्या फाटकाशी सर्व कारभार उघड्यावर, मोठ्या आवाजात आणि दादांच्या तोंडावर चाले.

यथावकाश अळीचे प्रकरण उद्भवले. औषध न मारलेला फ्लॉवर आणावा असा आग्रह सर्वांचा होता, आणि दादांनी आमच्यापुरत्या दोन वाफ्यांवर खरोखरच फवारणी केली नाही. त्या फ्लॉवरात, ज्या कोणाला फवारणीचे कारण ठाऊक आहे त्याला अपेक्षित असलेली, पोपटी रंगाची आणि प्रकृतीने उत्तम अशी एक अळी तिसऱ्या मजल्यावरील एका ताईंना आढळली. संस्थेच्या व्हॉट्सअॅपच्या गटावर अळीचे छायाचित्र सकाळी नऊ वाजता झळकले, आणि त्याखाली 'हे पाहा तुमचं सेंद्रिय' असा मजकूर होता. तुमचं म्हणजे माझे. प्राध्यापकांनी अळी हा विषमुक्ततेचा जिवंत दाखला होय, असे लांबलचक प्रतिपादन केले. ताईंनी तो दाखला त्यांच्या दाराशी वाटीत घालून ठेवला. अखेर त्रिसदस्य चौकशी समितीने अहवाल दिला, तो असा की, फवारणी असू नये आणि अळीही असू नये. हा अहवाल मी दादांना फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. नंतर ते म्हणाले, "अळीला कळवतो."

परंतु माझी खरी कसोटी दुधीने पाहिली. निसर्ग आमच्या तहनाम्यातले शेवटचे कलम अक्षरशः पाळतो, हे त्या दिवसांत मला समजले. मांडवावर दुधी लागले म्हणजे ते लागतच राहतात, आणि शेतात असेल ते आणण्याचे दादांनी कबूल केलेले होते. आमच्या घरी प्रथम दुधीची भाजी झाली, नंतर चणाडाळ घालून भाजी झाली. हलवा झाला, कोफ्ते झाले, थालीपीठ झाले, सालींची चटणी झाली. पुढे सकाळी उपाशीपोटी रस झाला, आणि एका सायंकाळी वड्या म्हणून समोर आलेला पदार्थ मी अळूच्या आशेने उचलला, तोही तोच निघाला. संपर्क चिटणीस या नात्याने उरलेला माल खपविण्याची नैतिक जबाबदारी माझ्याकडे आल्यामुळे इतरांनी नाकारलेले दुधी आमच्या दाराबाहेर ओळीने उभे राहत, आणि दूधवाला त्यांना ओलांडून आत येई. याच सुमारास गटावर एका तरुण सभासदाने 'दादांकडे ब्रोकोली आणि स्ट्रॉबेरी मिळेल का?' अशी पृच्छा केली. दादांनी ती वाचून मला विचारले, "ह्यांना म्हाबळेश्वर कुठं आलं ते माहीत नाही का?"

दुधी अखेर संपतो. भावाची गोष्ट संपत नाही. मधोमधचा दर ठरविला होता तो वर्षभर दोघांनाही सोयीचा पडावा म्हणून; आणि तो तसा पडावा असे सर्वांचे मत असतानाही टोमॅटोचा बाजार एकाएकी कोसळला, रस्त्याच्या कडेला लाल ढीग दिसू लागले आणि वर्तमानपत्रांतून शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट ओतून दिल्याची वृत्ते आली, त्या रविवारी आमच्या फाटकाशी ती वृत्ते फार बारकाईने वाचली गेली होती असे दिसून आले. "दादा, बाहेर तर कोणी विचारत नाही टोमॅटोला," मेथीवाले म्हणाले, "आपणही बाजाराप्रमाणे चाललं पाहिजे." दादा बाजाराप्रमाणे चालले. काही महिन्यांनी तोच टोमॅटो असा काही चढला की हॉटेलांतून कोशिंबीर अदृश्य झाली. त्या रविवारी दादांनी बाजाराप्रमाणे भाव सांगताच मेथीवाल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आपला करार काय ठरलाय, दादा? आपल्यात बाजार आला कुठे? आपलं घरचं नातं आहे." तात्पर्य, आमच्या संस्थेत उतरत्या काळी बाजारभाव आणि चढत्या काळी स्नेहभाव, अशी दुहेरी दरपत्रिका लागू होती. दादांनी त्या दिवशी करारानेच टोमॅटो दिले. पैसे मोजताना मात्र त्यांनी मजकडे असे पाहिले, की मी लगबगीने कांद्याच्या ढिगाकडे वळलो आणि तेथे निष्कारण कांदे निवडू लागलो.

थेट व्यवहाराचे आणखी एक अंग म्हणजे दादांचा दूरध्वनी क्रमांक. तो गटावर प्रसिद्ध करू नये असे माझे मत होते, परंतु तसे केल्यास मीच मधला माणूस ठरेन, असा कडक इशारा अध्यक्षांनी दिला. शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्रीची येते, त्यामुळे दादा आठवड्यातल्या कित्येक रात्री बॅटरी घेऊन दारे धरीत आणि दुपारी जेवण करून डोळा लावीत. नेमक्या त्याच वेळी आमच्या संस्थेतील गृहिणींना निवांतपणा लाभे. "दादा, अंबाडी आंबट का लागते?" "दादा, मागच्या रविवारचा चाकवत फ्रिजमध्ये पिवळा पडला." "दादा, झोपला होतात का? मग पटकन सांगा, उद्या पाहुणे आहेत, कोवळी गवार मिळेल का पावशेर?" पावशेर गवारीसाठी पुरंदराहून पुण्यास टेंपो यावा, ही अपेक्षा पाहुण्यांविषयीच्या आदराने केलेली होती, हे मी जाणतो, दादांना ते तितकेसे उमजले नसावे.

एका रविवारी टेंपोबरोबर एक अपरिचित तरुण उतरला. पांढरा शर्ट, कानाला पेन्सिल, हातात पावतीपुस्तक. दादांनी मला बाजूला घेतले आणि संकोचाने म्हणाले, "साहेब, हा माझा भाचा. मार्केट यार्डात गाळ्यावर होता, आता इथून पुढं हा येत जाईल."

"म्हणजे मधला माणूस?" मी हादरून विचारले. "अहो दादा, दलाल नको म्हणून तर हा सगळा खटाटोप! तुमच्यासाठीच ना?"

"माझ्यासाठीच म्हणून बोलतोय," दादा म्हणाले. "गाळ्यावर माल टाकला की आडत्या पैसे कापायचा, पण अर्धी जुडी मागत नव्हता. रात्री पाणी, दुपारी फोन, रविवारी तुम्ही. माणसानं झोपायचं कवा?"

यावर देण्याजोगे उत्तर माझ्या तीन वर्षांच्या तर्कशास्त्राच्या अभ्यासात कोठेही शिकवलेले नव्हते.

भाच्याने फाटकाशी उभे राहून भाव एकदाच सांगितला. काकूंनी मातीच्या वजनाचा विषय काढला. तो ऐकू आल्याचे कोणतेही चिन्ह त्याने दाखवले नाही. मेथीवाल्यांनी खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याने सन्मानपूर्वक परत केला. "घरचं नातं आहे आपलं," असे म्हटल्यावर तो म्हणाला, "नात्यातल्यांना रोखीनं. मागचा." आश्चर्य असे की, पाऊण तासात टेंपो रिकामा झाला, आणि एरवी दादांना दुपारी बारापर्यंत न सोडणारे सभासद पिशव्या घेऊन निमूटपणे जिना चढले. वर जाताना काकू मला म्हणाल्या, "मुलगा हुशार आहे हो. व्यवहाराला पक्का." दादांविषयी इतक्या गौरवाने त्या कधीही बोलल्या नव्हत्या. मामलेदारांनी तर त्यास आत बोलावून चहा दिला आणि कोठल्या गाळ्यावर होतास, मालक कोण, तोलाईचा दर काय, याची तासभर तपासणी केली. बाहेर आल्यावर त्यांचे म्हणणे असे पडले की, दप्तर उत्तम ठेवले आहे.

महिनाअखेर भाच्याने प्रत्येक सभासदास छापील पट्टी दिली. वर मालाची रक्कम, खाली हमाली, खाली गाडीभाडे, आणि त्याखाली 'बोलाई' असा एक रकाना होता, ज्यात प्रत्येकाच्या नावापुढे निरनिराळा आकडा मांडलेला होता. गटावर खळबळ उडाली. खुलासा मागण्यासाठी मी भाच्यास गाठले. तो पेन्सिल कानावर ठेवीत म्हणाला, "मामाचा फोन बघितला, काका. कोण किती येळ बोललं त्यात सगळं असतंय. मिनिटावर लावलंय. गवारीवाल्या मावशींना सूट दिलीय, त्या झोपेतनं उठवल्यावर सॉरी म्हणायच्या."

तातडीची सभा बोलावण्यात आली. ती गणसंख्येअभावी तहकूब झाली नाही, हे मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे. तीव्र चर्चेअंती बोलाई ही बेकायदा वसुली असून तिचा सभा निषेध करीत आहे, असा ठराव मेथीवाल्यांनी मांडला. त्यांच्या नावापुढचा आकडा सर्वांत मोठा होता. प्राध्यापकांनी दर मिनिटाऐवजी शब्दांवर आकारावा, अशी उपसूचना केली, कारण ते सावकाश बोलतात. मामलेदारांनी, कोणताही कर लादण्यापूर्वी हरकती मागवाव्या लागतात, असा कायदेशीर मुद्दा उपस्थित केला, आणि हरकती फोनवरून कळवल्यास त्याचीही बोलाई पडेल काय, अशी पोटशंका जोडली. या गदारोळात आमचे खजिनदार, जे दादांशी आजवर एक शब्दही बोललेले नाहीत, कारण त्यांच्या घरात बोलण्याचे खाते पत्नीकडे आहे, शांतपणे उठले आणि बोलाई कुटुंबावर न लावता व्यक्तीवर लावावी, जेणेकरून आपणास पूर्ण माफी मिळेल, असा लेखी अर्ज अध्यक्षांपुढे ठेवते झाले. अर्जावर त्यांच्या पत्नीने त्याच ठिकाणी हरकत घेतली आहे. अर्ज व हरकत दोन्ही शेती-संपर्क चिटणिसांच्या अभिप्रायार्थ माझ्याकडे वर्ग करण्यात आली असून, अभिप्रायापूर्वी भाच्याचे मत विचारावे की नाही, याचा मी विचार करीत आहे; विचारल्यास मिनिटे माझ्या नावे पडतील.